बेलभंडारा आणि दोन साध्या गोळ्या

या लिखाणात सगळ्यात आधी ज्याचं नाव यायला हवं, तो माझा थोरला भाऊ सदाशिव. घरात आणि गावात त्याला अण्णा म्हणतात. माण तालुक्यातल्या आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि मी पोचावं म्हणून नववीतच शाळा सोडून टेम्पोवर गेलेला तो अण्णा. पण आज त्याचं नाव पहिलं लिहितोय ते त्यासाठी नाही. माझ्या हाताचं ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी, भरलेल्या वॉर्डात उभं राहून तो जे बोलला त्यासाठी लिहितोय. हे लिहू का, असं मी त्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "लिव्ह की. कुणाच्या तरी कामी येईल. पर माझं नाव नीट लिव्ह."

पडलो तेव्हा

मी गिरगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लोकांचं रक्त काढणं हे माझं काम. सकाळी घरोघर जाऊन वयस्कर माणसांचे नमुने आणतो. सुई टोचण्याआधी मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगतो, "थोडंसंच दुखेल हं."

एका सकाळी एका वाडीतल्या लाकडी जिन्यावरून उतरताना पाय सटकला. डाव्या हातात नमुन्यांची पेटी होती. ती मी वरच्या वर धरली आणि अंगाचा सगळा भार उजव्या तळहातावर आला. पेटीतली एकही नळी फुटली नाही, याचंच मला त्या वेळी कौतुक वाटलं. मनगट सुजलं होतं. मुरगळलं असेल म्हणून आंबेहळदीचा लेप लावला, वरून पट्टी बांधली आणि कामावर गेलो.

सूज उतरली, दुखणं मात्र राहिलं. दंडाला रबरी पट्टा आवळताना अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. लॅबची बाटली उघडताना यायची. असे महिने गेले. माझी बायको मनीषा लालबागची, तिथेच जन्मलेली. ती म्हणायची, "अरे, एक गोळी घे ना! दिवसभर लोकांना सुया टोचतोस आणि स्वतः गोळीला घाबरतोस?" मी हसून विषय बदलायचो. खरं कारण तिला माहीत होतं, म्हणून तीही एवढ्यावरच थांबायची.

मग एकदा ठाकूरद्वारच्या एका आजींना मला दोनदा टोचावं लागलं. त्यांचं रक्त मी कित्येक वर्षं काढतोय, शीर तोंडपाठ आहे. त्या म्हणाल्या, "आज हात थरथरतोय रे तुझा." दुसऱ्या दिवशी मी परळच्या हॉस्पिटलात हात दाखवायला गेलो.

फोटो

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला लावला. मनगटात अंगठ्याच्या बाजूला काजूएवढं एक हाड असतं. त्याच्या मधोमध काळी रेघ होती.

"हे मोडलेलं आहे," ते म्हणाले. "आजचं नाही, बरंच जुनं. जुळायचं राहून गेलंय. इतके दिवस दुखलं नाही?"

"दुखलं. सोसलं."

मला वाटलं ते मान डोलावतील. आमच्याकडे 'पोरगं सोशिक आहे' यापेक्षा मोठी शाबासकी नाही. डॉक्टर मात्र पेन खाली ठेवून म्हणाले, "सोसलं नसतं आणि तेव्हाच आला असता, तर कदाचित प्लास्टरवर भागलं असतं."

आता शेजारच्या हाडाचा तुकडा घेऊन तिथे भरायचा, स्क्रू बसवायचा. मी एकच प्रश्न विचारला, "मला परत रक्त काढता येईल ना?"

"हाड जुळलं तर येईल. बहुतेक जुळेल. शंभर टक्के मी कुणालाच सांगत नाही."

बाहेर येऊन मी फुटपाथवर बराच वेळ उभा राहिलो. मनीषाला तेव्हा दिवस गेले होते. घर माझ्या पगारावर आणि पगार या मनगटावर चालला होता. तरी खरं सांगतो, पहिली भीती मनगटाची नव्हती. ऑपरेशननंतर हे लोक दुखण्यावर काय देतील, ही होती.

शपथ

माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू असताना अण्णाचा टेम्पो घाटात कलंडला. मांडीचं हाड मोडलं. तालुक्याच्या गावी प्लास्टर झालं, आणि दुखतंय म्हणून गावचा एक माणूस घरी येऊन इंजेक्शन देऊ लागला. प्लास्टर निघालं, अण्णा चालायला लागला, पण इंजेक्शन थांबलं नाही. पहिल्यांदा दुखतंय म्हणून, मग झोप येत नाही म्हणून, मग काहीच कारण न सांगता. माझा दणकट भाऊ ओट्यावर बसून नाक पुसत त्या माणसाची वाट बघायचा. आईने त्याच्या पायावर डोकं ठेवलेलं मी पाहिलंय. शेवटी मामांनी त्याला जिल्ह्याच्या गावी व्यसनमुक्तीच्या केंद्रात नेलं. तिथून तो बरा होऊन आला, हे आमचं नशीब.

तो घरी आला त्या दिवशी आईने देव्हाऱ्यापुढे ताम्हणात बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा ठेवला. आमच्याकडे बेलभंडारा उचलला की तो शब्द मोडायचा नसतो. आधी अण्णाने उचलला, मग मी. आई म्हणाली, "दुखण्याची सुई न् दुखण्याची गोळी ह्या घरातल्या कुणाच्या अंगाला लागायची न्हाई." आम्ही दोघांनी "न्हाई" म्हटलं.

मी विज्ञानाचा पदवीधर. कोणतं औषध कशाचं असतं हे मला कळतं. तापाच्या साध्या गोळीने कुणाला व्यसन लागत नाही, हेही कळतं. पण हातात धरलेला तो पिवळा भंडाराही मला आठवतो. तेव्हापासून डोकेदुखीलाही मी गोळी घेतली नव्हती.

भूल देणाऱ्या मॅडम

पुरुषांच्या वॉर्डात सोबतीला पुरुषच लागतो, आणि मनीषाला आठवा महिना होता. मी कुणाला बोलावू या विचारात असतानाच अण्णा पिशवी घेऊन दारात उभा राहिला. तो आता सीताफळाच्या रोपवाटिकेत कलमं बांधतो. हाडाचा तुकडा काढून दुसरीकडे बसवणार म्हटल्यावर म्हणाला, "म्हंजे कलमच की! बांधल्यावर हलवायचं न्हाई, एवढं ध्यानात ठेव." त्याच्या एका गालात लवंग होती. बोलताना तो ती जिभेने इकडून तिकडे करायचा. मी ती पाहिली, पण काही विचारलं नाही. माझ्याच काळजीत होतो.

मला त्याच्या येण्याचा आनंद झाला आणि त्याहून जास्त धास्ती वाटली. हॉस्पिटलात जिकडेतिकडे सुया आणि औषधं. अण्णाने स्वतःपुरता एक नियम केला होता. औषधांची ट्रॉली वॉर्डात शिरली की तो उठून जिन्यापाशी जाऊन उभा राहायचा. मला पाणी देत असला तरी भांडं ठेवून जायचा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या मॅडम आल्या. पन्नाशीच्या, बारीक, भराभर बोलणाऱ्या. काही ॲलर्जी, काही आजार, असं विचारत होत्या. पायापाशी उभ्या असलेल्या अण्णाकडे न बघता मी अडखळत म्हणालो, "मॅडम, दुखण्यावर जे गुंगीचं देतात ना, ते मला नको. घरात एकाला लागलं होतं."

मला वाटलं वैतागतील. त्या खाटेच्या कडेवर बसल्या. "बरं झालं सांगितलंत. मग आपण असं करू. फक्त हात बधिर करायचा. तुम्ही जागे राहाल. नंतर दोन साध्या गोळ्या, एक तापाची असते ती आणि एक सुजेवरची. त्यांची सवय लागत नाही. त्याउपर लागलंच काही, तर आधी मला विचारतील, असं मी कागदावर लिहून ठेवते. पण एक लक्षात ठेवा. हात बधिर आहे तोवर काही दुखणार नाही. बधिरपणा उतरला की एकदम दुखतं. त्याआधी त्या गोळ्या पोटात हव्यात. दुखत नसलं तरी घ्यायच्या. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. बेलभंडाऱ्याचं सांगितलं नाही. शिकलेल्या माणसाने हे कसं सांगायचं, म्हणून लाज वाटली.

तरंगणारा हात

सकाळी थिएटरात मॅडमनी गळपट्टीच्या हाडाच्या वर गार जेल लावलं, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बारीक सुई घातली आणि म्हणाल्या, "थोडंसंच दुखेल हं."

मी हसलो. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"हे माझं वाक्य आहे, मॅडम."

"मग खरं असतं का ते?"

"कधी कधी."

हात आधी गरम झाला, मग जड, मग नाहीसा झाला. मला वाटत होतं की माझा हात छातीवर उभा धरलेला आहे, कोपरात वाकवून. प्रत्यक्षात तो बाजूच्या फळीवर आडवा पडला होता आणि हिरव्या कापडापलीकडे लोक त्यावर काम करत होते. दुखलं अजिबात नाही. पण ड्रिलचा आवाज सुरू झाला तेव्हा त्याची थरथर खांद्यापर्यंत आली आणि माझे दात वाजायला लागले. थंडीने नाही. तेव्हा एका सिस्टरने माझा डावा हात धरला. तिला दुसरी कामं असणार, पण ड्रिल बंद होईपर्यंत तिने तो सोडला नाही. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

उशीचा अभ्रा

वॉर्डात आलो तेव्हा हात गळ्यात अडकवलेला, बोटं गुबगुबीत आणि परकी. अण्णा त्या हाताला जपत होता. एकदा तो झोळीतून निसटून खाटेच्या दांडीवर आपटला, मला कळलंही नाही, आणि अण्णाच "आई गं!" म्हणाला.

शेजारच्या खाटेवर वरळी कोळीवाड्यातले एक काका होते. होडीवर दोरात सापडून त्यांची दोन बोटं चिरडली होती. ते म्हणाले, "दुखतंय तुझं की भावाचं? ओरडतोय तो!"

जेवणानंतर ट्रॉली आली. अण्णा उठून गेला. सिस्टरने दोन गोळ्या माझ्या डाव्या तळहातावर ठेवल्या, पाण्याचा ग्लास दिला आणि पुढच्या खाटेकडे वळली. हात मस्त बधिर होता. काहीच दुखत नव्हतं. मी मनात म्हटलं, दुखत नाही तर शपथ कशाला मोडू? पुढे दुखलं तर सोसेन. गोळ्या मी उशीच्या अभ्र्यात सारल्या. एरवी सगळ्या जबाबदाऱ्या शहाणपणाने पार पाडणारा मी, हे मात्र अगदी सहज करून बसलो.

दिवेलागणीला करंगळीत मुंग्या आल्या. मी खूश झालो, हात परत आला म्हणून. चहा संपायच्या आत मनगटात कुणीतरी तापलेली सळई घालून फिरवतंय असं झालं. आधी मी अण्णाशी बोलत राहिलो. मग बोलणं बंद झालं. मग चादर दातात धरली. अंगठ्यापासून काखेपर्यंत सगळं ठणकत होतं, आणि प्रत्येक ठोक्याला डोळ्यांपुढे अंधारी येत होती. सोसणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे असं वाटायचं. ते वाटणं तिथे संपलं.

तेवढ्यात ट्रॉली आली आणि अण्णा, माझ्याकडे वळून बघत, नाइलाजाने जिन्याकडे गेला. ट्रॉलीबरोबर एक तरुण डॉक्टर होते. त्यांची ड्युटी नुकतीच सुरू झाली होती. "खूप दुखतंय? एक स्ट्राँग इंजेक्शन देतो. झोप लागेल."

मी मान हलवली. हो म्हणून. त्या क्षणी मला आई आठवली नाही, अण्णा आठवला नाही, भंडारा आठवला नाही. फक्त ते थांबावं एवढंच हवं होतं. अण्णाला त्या ओट्यावर बसून काय वाटत असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सिस्टरने छोटी काचेची कुपी हातात घेतली. आणि माझ्या पायापाशी अण्णाचा आवाज आला.

"बाई, थांबा. ते कंचं हाय?"

तो ट्रॉलीला अगदी टेकून उभा होता. सिस्टरने नाव सांगितलं.

"त्येच," अण्णा म्हणाला. मग डॉक्टरांकडे वळला. त्याचा आवाज मोठाच आहे, रानात हाका मारून झालेला. सगळा वॉर्ड ऐकत होता. "डाक्टर, मला ह्येच लागलं हुतं. मांडी बरी झाली तरी म्या घेत हुतो. आईच्या अंगावरचं इकून घेतलं. ह्ये पोरगं शिकत हुतं, ह्याच्या फीचं बी घेतलं. ह्याला द्यायचं का न्हाई ते तुमी ठरवा, तुमी शिकल्याली माणसं. पर आधी त्या भूल देणाऱ्या बाईंना इचारा. ह्यानं त्यांना समदं सांगितलंय, त्यांनी कागदावर लिवलंय."

फीचं मला माहीत नव्हतं. त्या वर्षी मामांनी भरली, एवढंच माहीत होतं.

डॉक्टर चांगला माणूस. त्याने कागद चाळला, "सॉरी, हे बघायला हवं होतं," म्हणाला आणि फोन लावला. सिस्टरने कुपी परत ठेवली. अण्णा तिथेच उभा राहिला, ट्रॉलीच्या दांडीवर हात ठेवून.

मॅडम घरी निघाल्या होत्या, त्या खांद्याला पर्स घेऊनच आल्या. पहिला प्रश्न, "दुपारच्या गोळ्या घेतल्या?"

मी उशीकडे पाहिलं. अण्णाने अभ्र्यात हात घातला आणि दोन गोळ्या बाहेर काढल्या.

"संतू?" एवढंच तो म्हणाला.

मग मी बेलभंडाऱ्याचं सगळं सांगितलं, रडत, शेजारपाजार ऐकत असताना. मॅडम म्हणाल्या, "हे तुम्ही मला कालच सांगायला हवं होतं."

"तुम्ही हसला असतात."

"हसले नसते हो. तुमच्या आईशी फोनवर बोलले असते."

अण्णाने सदऱ्याच्या खिशातून छोटी पुडी काढली. प्रवासाला निघताना आई देते ती. बोटाने माझ्या कपाळाला भंडारा लावला. "शपथ माझ्यापायी घातली हुती. आता म्याच सोडवतो."

"असं सोडवता येतं, अण्णा?"

"मला काय ठावं? द्येवाचं मी बगतो. तू गोळी गीळ."

पलीकडून कोळीवाड्याचे काका म्हणाले, "घे रे बाबा, घे! तुझा देव पण कंटाळला असेल. आम्हाला झोपायचंय."

मी गोळ्या गिळल्या. मॅडमनी घट्ट झालेली पट्टी सैल केली, हात उंच टांगला, बोटं हलवून पाहिली आणि पर्स खांद्यावर घेऊनच शेजारी बसून राहिल्या. दुखणं एकदम गेलं नाही. पण नारळाएवढं होतं ते हळूहळू सुपारीएवढं झालं, आणि सुपारीएवढं दुखणं माणसाला जमतं. त्या काचेच्या कुपीची गरज पडली नाही. कुणाला पडली तर त्यात लाज नाही, असंही मॅडम म्हणाल्या. फक्त ते देणाऱ्याला तुमचं सगळं माहीत पाहिजे.

पुढच्या गोळ्या मी वेळेवर घेतल्या. अण्णाच आठवण करायचा. ट्रॉली आली की आता तो उठत नव्हता.

नंतर

प्लास्टर निघालं तेव्हा हात वाळक्या शेंगेसारखा होता. फोटोत ती काळी रेघ पुसट झाली होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज चार ओळी लिहा. तेवढंच माझं रोजचं काम होतं. पहिल्या दिवशी माझं नावही धड लिहिता आलं नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं हाताचं ऑपरेशन ठरलं असेल, तर माझं एवढंच मागणं आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळं सांगा. घरातलं, देवाचं, लाजेचं, सगळं. आणि दुखायच्या आधी घ्यायची गोळी दुखायच्या आधीच घ्या.

जमेल तसं अक्षर वळायला लागल्यावर पहिलं पत्र मी अण्णाला लिहिलं. ते असं:

*ती. अण्णास,*

*संतूचा साष्टांग नमस्कार.*

*अक्षर वाकडं आहे, पण उजव्या हाताचं आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण हे लिहूनच पाठवायचं होतं.*

*मुलगी झाली. फोनवर तू रडलास, असं मनीषा सांगते. मी लॅबमध्ये जायला लागलोय. काल ठाकूरद्वारच्या आजींचं रक्त काढलं, एकाच टोचण्यात. आजी म्हणाल्या, आज थोडंसंही दुखलं नाही. तुझं कलम धरलंय.*

*फीचं मी कुणाला विचारणार नाही. मी शिकलो, हे तर खरं ना? मग ते तिथेच राहू दे.*

*आता माझं ऐक. तुझ्या गालात लवंग कशाला असते, हे मी आईला विचारलं. ती म्हणाली, दाढ किडलीय, केंद्रातून आल्यापासून दुखते, तू काढायला जात नाहीस. म्हणजे इतकी वर्षं तू बेलभंडारा पाळतोयस, आणि माझा मात्र एका संध्याकाळी सोडवून मोकळा झालास. मॅडमना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, दाढ नुसता जबडा बधिर करून काढता येते, आणि नंतर त्याच दोन साध्या गोळ्या पुरतात. त्यांनी परळच्या दातांच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. तुझं काय झालं होतं ते मी सांगितलेलं नाही. ते तू स्वतः सांग, माझ्यासाठी सांगितलंस तसं, मोठ्याने.*

*आईशीही बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, त्याला म्हणावं जा, ताम्हण मी काढून ठेवते.*

*बारशाला येशील तेव्हा दोन दिवस जास्त राहा. भंडाऱ्याची पुडी मी माझ्या खिशात ठेवलीय. सोबतीला पुरुष लागतो. मी आहे.*

*तुझा,*
*संतू*